कुपीवरील दोन ओळी

शरीर सडसडीत असावें ही इच्छा वाईट नव्हे. परंतु ती पुरविण्याच्या घाईंत मनुष्य कधीं कधीं जिवावरचें साहस करून बसतो. गेल्या सुट्टींत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला होता. बोलतां बोलतां त्यानें बोटाएवढी एक कांचेची कुपी मेजावर ठेविली. तींत पांढरी भुकटी होती. मोबाइलवरील जाहिरात पाहून त्यानें ती टपालानें मागविली होती. "सर, ही पाण्यांत कालवून टोंचून घेतली म्हणजे वजन झपाट्यानें उतरतें म्हणतात. घेऊं का?" असें त्यानें विचारलें. कुपीवर 'ए. ओ. डी. ९६०४' असें नांव होतें आणि खालीं बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: 'केवळ संशोधनासाठीं. मानवी उपयोगासाठीं नव्हे.' त्या ओळींचा अर्थ आम्हीं त्यास जो सांगितला, तोच येथें विद्यार्थी व पालक यांच्यासाठीं लिहीत आहों.

ती भुकटी पेप्टाइड या वर्गांतली. डाळींतील किंवा अंड्यांतील प्रथिनें हीं अमायनो आम्लें नांवाच्या लहान मण्यांच्या लांब माळा होत. अशीच आंखूड माळ म्हणजे पेप्टाइड. शरीर अशा माळा स्वतः बनवितें आणि त्यांच्याकडून एका अवयवाचा निरोप दुसऱ्यास पोंचवितें. टोरांटो येथें १९२१ सालीं हातीं आलेलें इन्शुलिन हें अशाच दोन जोडलेल्या माळांचें, एकूण ५१ मण्यांचें आहे. जेवणानंतर आंतड्यांतून निघणारें जी. एल. पी.-१ हें दुसरें उदाहरण; 'आतां पुरे' हा निरोप तें मेंदूस देतें, पण रक्तांत तें दोनचार मिनिटांतच नाहींसें होतें. शास्त्रज्ञांनीं त्याच्या रचनेंत फेरफार करून पुष्कळ दिवस टिकणारें सेमाग्लुटाइड तयार केलें. तेव्हां पेप्टाइड हा शब्द ऐकून भिण्याचें कारण नाहीं, आणि भुलण्याचेंही नाहीं.

सेमाग्लुटाइड वजन उतरवितें, हें कशावरून? २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत १,९६१ प्रौढ स्त्रीपुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांची वांटणी केली. कांहींना औषधाची सुई, कांहींना दिसावयास तशीच पण औषध नसलेली सुई. कोणास काय मिळतें हें घेणाऱ्यास ठाऊक नव्हतें, देणाऱ्यासही नव्हतें. आहार व व्यायाम यांविषयींचा उपदेश मात्र सर्वांस सारखा होता. ६८ आठवड्यांनीं औषध घेणाऱ्यांचें वजन सरासरीनें शेंकडा १४.९ उतरलें, इतरांचें शेंकडा २.४. मळमळ, जुलाब व पित्ताशयाचे विकार यांचीही नोंद झाली. सुई थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोन तृतीयांश परत आलें, हेंही पुढें दिसून आलें. गुण आणि दोष दोन्ही असे मोजले गेले, यालाच पुरावा म्हणतात.

आतां त्या कुपीकडे वळूं. मनुष्याच्या वाढीच्या संप्रेरकाची माळ १९१ मण्यांची असते. तिच्या शेवटचा तुकडा चरबी कमी करीत असावा, असा तर्क ऑस्ट्रेलियांतील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनीं केला, आणि लठ्ठ उंदरांत तसें दिसलेंही. मग माणसांवर चाचण्या झाल्या. शेवटच्या मोठ्या चाचणींत पांचशेंहून अधिक लोक होते. २४ आठवडे गोळ्या दिल्यावरही औषध नसलेल्या गोळ्यांहून अधिक गुण दिसेना. २००७ सालीं कंपनीनें स्थूलतेवरील हें काम सोडून दिलें. ज्यांस त्यांतून पैसा मिळावयाचा होता त्यांनींच जें टाकून दिलें, तें हा आमचा विद्यार्थी टोंचून घेण्यास निघाला होता!

"पण माझ्या मित्राचें वजन उतरलें," असें तो म्हणाला. उतरलें असेल. औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचेंही थोडें उतरलेंच होतें. पैसे खर्चून सुई टोंचून घेणारा मनुष्य ताटावरही हात आंवरतो. मग श्रेय कोणास द्यावें?

येथवर गुणाची गोष्ट झाली. धोक्याची निराळीच आहे. कुपींत नांवाप्रमाणें पदार्थ आहे का, तो शुद्ध व जंतुरहित आहे का, किती आहे, हें कोणीं तपासलें? मात्रा घरीं कोण मोजणार? २०२४ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें कळविलें कीं, सेमाग्लुटाइड कुपींतून स्वतः काढून घेतांना कांहीं रोग्यांनीं पांचपासून वीसपटीपर्यंत अधिक मात्रा घेतली, आणि कित्येकांस इस्पितळांत न्यावें लागलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, 'केवळ संशोधनासाठीं' अशा चिठ्ठ्या लावून वजनाचीं औषधें विकणाऱ्या कित्येकांस त्या खात्यानें ताकीद दिली. आपल्याकडेही १९४० चा औषधविषयक कायदा व २०१९ चे नव्या औषधांचे नियम यांप्रमाणें परवानगीवांचून नवें औषध विकतां येत नाहीं. म्हणून कोणी संशोधनाच्या नांवाआड उभा राहतो. त्या दोन ओळी घेणाऱ्याच्या रक्षणासाठीं नाहींत; विकणाऱ्याच्या रक्षणासाठीं आहेत.

हें सारें ऐकून तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, वर्गांत मला सारे 'भोपळा' म्हणत. तें अजून कानांत आहे." आम्हीं मान खालीं घातली. त्या वर्गाचे शिक्षक आम्हीच होतों. तें नांव आम्हींही ऐकलें होतें, आणि पोरखेळ म्हणून सोडून दिलें होतें.

विद्यार्थ्यांनो, वजनाची चिंता वाटली तर आईबापांस सांगा व वैद्यकीचें रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे जा. कोणी कुपी पुढें केली तर 'मित्राला लागू पडलें' एवढ्यावर थांबूं नका. किती माणसांवर, किती दिवस, कशाशीं ताडून पाहिलें, असें विचारा. आणि पालकहो, मुलाच्या देहावरून घरांत थट्टा होऊं देऊं नका. शाळेंत ती होऊं न देणें आमच्याकडे लागलें. अशा कुपीला गिऱ्हाईक मिळतें तें बहुधा त्या थट्टेमुळेंच. जातांना त्यानें कुपी मेजावरच ठेविली.