रात्रपाळीचे सायबर राखणदार

मी डोंबिवलीत बी.एस्सी. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला ‘सिक्युरिटी इन कम्प्युटिंग’ शिकवते. वर्गात टिटवाळा, आसनगावची मुलं. मुरबाडची तर आधी एसटीने कल्याणला येतात, मग लोकल पकडतात. सायबर म्हणजे हॅकिंग, असं बहुतेकांना वाटतं. मी त्यांना कॉसमॉस बँकेचं उदाहरण सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या या बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी चोरांनी घुसवलेली बनावट यंत्रणाच होकार देत होती, आणि क्लोन केलेली कार्डं २८ देशांत चालली!

असं काही वेळीच हेरायचं, तर कुणीतरी चोवीस तास लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, वाचत बसायला हवं. २०२२ पासून तर अशी घटना लक्षात आल्यावर सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. नवख्यांना पहिली नोकरी बहुधा लॉग वाचण्याच्या याच कामाची मिळते, रात्रपाळीची. ऐरोली-महापेच्या कंपन्यांतून अपरात्री सुटल्यावर मुरबाडला जायचं कसं, हे अभ्यासक्रमात कुठेच नाही. मुलींच्या घरी पहिला प्रश्न तोच असतो.

‘एथिकल हॅकिंग’च्या महागड्या क्लासचं मला कौतुक नाही. आधी लिनक्स, नेटवर्किंग पक्कं करा. तोंडी परीक्षेत मी टूलची नावं विचारत नाही. टाइप केलेला पत्ता ब्राउझरला सापडतो कसा, एवढंच सांगायला लावते.