कांगा क्रिकेट लीग

मुंबईतील क्रिकेट क्लबांमध्ये पावसाळ्यात खेळली जाणारी साखळी स्पर्धा. ‘डॉ. एच. डी. कांगा स्मृती क्रिकेट लीग’ हे तिचे पूर्ण नाव असून ती १९४८ साली सुरू झाली. मुंबई क्रिकेट संघटना (पूर्वीची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन) तिचे आयोजन करते. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होत असल्याने कालक्रमानुसार ही हंगामपूर्व स्पर्धा ठरते. तथापि ती केवळ सरावासाठी न खेळता चुरशीने खेळली गेली, हे तिचे वैशिष्ट्य होय. हंगामपूर्व व साखळी स्पर्धांना संघांनी आणि नामवंत खेळाडूंनी कितपत महत्त्व द्यावे, या प्रश्नाचा विचार करताना तिचे उदाहरण उद्‌बोधक ठरते.

इतिहास व स्वरूप : डॉ. कांगा हे नामवंत पारशी क्रिकेटपटू व व्यवसायाने वैद्य होते. १९११ साली इंग्लंडचा दौरा करणाऱ्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता; पुढे ते बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झाले. इंग्लंडमधील ओल्या खेळपट्ट्यांवर भारतीय फलंदाजांची होणारी त्रेधा लक्षात घेऊन, मुंबईच्या पावसाचाच सरावासाठी उपयोग करून घ्यावा, ही या स्पर्धेमागील कल्पना होती. विजय मर्चंट यांनी तिचा पुरस्कार केला. क्लबांची विभागणी ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांत केली जाते आणि वर्षाच्या अखेरीस कामगिरीनुसार संघांना वरच्या गटात बढती मिळते किंवा खालच्या गटात उतरावे लागते. सामने प्रामुख्याने रविवारी, एका दिवसाचे होतात. आझाद मैदान, क्रॉस मैदान, मरीन ड्राइव्हवरील जिमखान्यांची मैदाने, दादरचे शिवाजी पार्क व माटुंग्याचे दडकर मैदान ही तिची परिचित स्थळे होत. आझाद मैदानावर एकाच वेळी अनेक सामने चालतात व एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असल्याचे दृश्य तेथे नेहमीचे आहे.

खेळाची परिस्थिती : मुंबईत वर्षाकाठी सु. २,२०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे खेळपट्टी ओली, मैदान चिखलाचे व सीमेकडील गवत वाढलेले असते. जमिनीलगत मारलेला चेंडू गवतात अडून राहतो. चेंडू कधी अनपेक्षितपणे उसळतो, तर कधी खालून जातो. अशा स्थितीत संघाच्या शंभर धावाही पुष्कळदा पुरेशा ठरतात आणि वैयक्तिक शतक ही दुर्मिळ गोष्ट मानली जाते. चेंडू शेवटपर्यंत पाहणे, तो शरीराजवळ व हलक्या हाताने खेळणे, आवश्यक तेव्हा उंच फटका मारण्याचे धाडस करणे आणि यष्टीजवळ चपळ क्षेत्ररक्षण करणे ही कौशल्ये येथे कसास लागतात.

स्पर्धेची प्रतिष्ठा : दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील चुरस मुंबईच्या क्रिकेटमध्ये प्रसिद्ध आहे. दादर युनियनकडून माधव मंत्री, वासू परांजपे, विठ्ठल पाटील, सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर, तर शिवाजी पार्क जिमखान्याकडून अजित वाडेकर, रमाकांत देसाई व पद्माकर शिवलकर असे खेळाडू खेळले. गावसकर व वेंगसरकर कसोटी कारकीर्द ऐन भरात असतानाही या लीगमध्ये उतरत. याचा लाभ केवळ त्या क्लबांपुरता मर्यादित नव्हता. गिरगाव, परळ वा लालबागच्या चाळीतून आलेल्या नवोदिताला कसोटीपटूसमोर स्वतःला अजमावण्याची संधी तिकीट, शिफारस वा निवड समिती यांच्या आधाराविना मिळत असे. सचिन तेंडुलकर यांनी १९८४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये पदार्पण केले.

मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ या काळात सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. या यशाचे सर्व श्रेय कांगा लीगला देता येणार नाही. शालेय हॅरिस व गाइल्स ढाली, कार्यालयीन संघांची टाइम्स ढाल आणि नोकऱ्या देणाऱ्या संस्थांचा आश्रय यांचाही त्यात वाटा होता. तथापि हंगामाच्या आरंभीच मुंबईचे खेळाडू स्पर्धात्मक मनोवृत्तीने तयार असत, यास ही लीग साहाय्यभूत ठरली, असे सामान्यतः मानले जाते.

बदललेली परिस्थिती : इंग्लंडमध्ये १९८० नंतरच्या काळात कसोटी सामन्यांच्या खेळपट्ट्या पूर्णपणे झाकण्याची पद्धत रूढ झाली व लीगच्या मूळ हेतूपैकी एक भाग मागे पडला. आंतरराष्ट्रीय सामन्यांची वाढलेली संख्या व २००८ पासूनची इंडियन प्रीमियर लीग यांमुळे आघाडीच्या खेळाडूंना विश्रांती दुर्लभ झाली. निसरड्या मैदानावर दुखापत होण्याची भीतीही रास्त आहे. ही भीती केवळ पावसाळी मैदानांपुरती नाही, हे २०२४ मध्ये दिसून आले. त्या वर्षी कोईमतूर येथे बुची बाबू या हंगामपूर्व स्पर्धेत मुंबईकडून खेळताना सूर्यकुमार यादव यांच्या हाताला दुखापत झाली व त्यांना दुलीप करंडकाच्या पहिल्या फेरीस मुकावे लागले. उलटपक्षी, जानेवारी २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय संघातील खेळाडूंना देशांतर्गत स्पर्धांत खेळणे बंधनकारक केले. त्याच महिन्यात रोहित शर्मा सु. दहा वर्षांनंतर मुंबईकडून रणजी सामना खेळले.

हा पेच अन्य देशांतही आढळतो. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलमध्ये अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी राष्ट्रीय लीग व तिच्याही आधी प्रांतिक हंगामपूर्व स्पर्धा होत असत. खेळाडूंवरील ताण लक्षात घेऊन २०२५ साठी या हंगामपूर्व स्पर्धा रद्द करण्यात आल्या.

मूल्यमापन : अशा स्पर्धांच्या संदर्भात खेळण्यातील गांभीर्य आणि निकालावरून निष्कर्ष काढण्यातील गांभीर्य या दोन भिन्न गोष्टी होत. ओल्या खेळपट्टीवर शून्यावर बाद झालेला फलंदाज कोरड्या खेळपट्टीवर अपयशी ठरेलच असे नाही. तसेच तेथे बळींची रास रचणारा गोलंदाज पुढे यशस्वी होईलच असेही नाही. म्हणून संघनिवडीसाठी या सामन्यांतील आकडे बेताचेच उपयोगी पडतात. मात्र सामना हरला तरी चालेल अशा वृत्तीने खेळल्यास त्यातून कोणतेच शिक्षण मिळत नाही. प्रत्येक रविवारी प्रत्येक नामवंताने खेळावे, ही अपेक्षा आज अवास्तव आहे. पण त्यांनी पूर्णतः पाठ फिरविल्यास नवोदितांना स्वतःची पारख करण्याचे साधन उरत नाही. नामवंतांनी मोजकेच सामने खेळावेत, परंतु जे खेळतील ते जिंकण्याच्या ईर्ष्येने खेळावेत, हाच या दोहोंमधील व्यवहार्य मार्ग होय.