एक बटण कीं तीन?

यंत्राशीं माणसानें कोणत्या खुणांनीं बोलावें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. संगणकाजवळ हाताखालीं असणारा माऊसच पाहावा. त्याच्या बटणांना कोणतें काम सोंपवावें, याविषयीं मोठमोठ्या अभियंत्यांनीं वर्षानुवर्षें खल केला. आणि त्या खलाचें फळ अखेर भोगावें लागतें तें घरांतील वृद्धांच्या बोटांना.

१९६४ सालीं अमेरिकेंत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनीं पहिला माऊस लांकडांत घडविला. त्याला बटण एकच होतें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगेलबार्ट यांनीं प्रसिद्ध प्रात्यक्षिक केलें, तेव्हां तीं तीन झालेलीं होतीं. झेरॉक्सच्या १९७३ मधील ‘आल्टो’ संगणकानेंही तीनच ठेवलीं. तज्ज्ञांस तीं सोयीचीं. नवख्यास मात्र कोणतें बटण कशाचें हें आठवेना. १९८१ च्या ‘स्टार’ यंत्रांत दोनच उरलीं, आणि १९८३ मध्यें अ‍ॅपलच्या ‘लिसा’नें एकच ठेवून चुकीचें बटण दाबण्याची भीतिच नाहींशी केली.

परंतु एकीकडचें ओझें दुसरीकडे आलें इतकेंच. निवडणें आणि उघडणें हीं दोन्ही कामें एकाच बटणानें व्हावयाचीं, म्हणून लागोपाठ दोनदां दाबण्याची रीत रूढ झाली. विंडोजमध्यें या दोन दाबांस मुळांत ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद मिळतो. तरुण बोटाला तो भरपूर. थरथरत्या हाताला अपुरा. शिवाय दाबलेल्या स्थितींत हात सरकला, तर तें ओढणें ठरतें. आजोबांनीं नातवाचें पत्र उघडावयास जावें आणि तें भलत्याच कप्प्यांत जाऊन पडावें! आणि हा आपल्या वयाचा दोष समजून त्यांनीं पुन्हां यंत्रास हात लावूं नये. दोष रचनेचा असतो. हा अवधि वाढवितां येतो खरा. पण ज्याला त्याची गरज, त्याला ती सोय कोठें आहे हेंच ठाऊक नसतें.

१९९५ च्या विंडोजनें उजव्या बटणाला निराळें काम दिलें: वस्तूवर तें दाबलें कीं तिच्यासंबंधीं करतां येण्याजोग्या कामांची यादी समोर येते. योजना उत्तम, मात्र ही यादी दाबल्यावांचून दिसत नाहीं. म्हणून नित्याचें काम केवळ तिच्यांतच दडवून ठेवणारा रचनाकार वापरणारावर अन्याय करतो.

सर्वांत शहाणपणाची तजवीज बहुतेकांच्या ध्यानांतही येत नाहीं. पडद्यावरील बटण दाबतांच काम होत नाहीं. बोट उचलल्यावर होतें. चूक कळली, तर बोट न उचलतां बाण बाजूस न्यावा आणि मग सोडावें. कांहींच घडत नाहीं. पश्चात्तापास मिळालेला हा क्षण कांहीं सॉफ्टवेअर वेगाच्या हौसेनें काढून घेतात. तेथें ‘काढून टाका’ या शब्दांवर बोट टेकलें कीं पत्र गेलेंच.