सरकारी वकिलीचा हिशेब

पुण्यातील पाषाण येथील सुमारे २४ एकर खासगी जमीन शासनाने ताब्यात घेतली. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत जिंकले. पण मोबदल्यात मिळालेली पर्यायी जमीन वनजमीन निघाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला या प्रकरणी खडसावले. अशा दीर्घकाळ चालणाऱ्या दाव्यांत शासनातर्फे कोण उभे राहिले, किती तारखा पडल्या, शुल्क किती दिले, अपील कोणी व का ठरवले, हे करदात्यास एके ठिकाणी वाचावयास मिळाले पाहिजे.

सरकारी वकील हा मंत्र्याचा खासगी वकील नव्हे. उत्तर प्रदेशातील जिल्हा सरकारी वकिलांना सरसकट दूर करणारा आदेश १९९० मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने या पदाचे सार्वजनिक स्वरूप स्पष्ट केले. वकिलाचा सल्ला गोपनीय असतो, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु गोपनीयता सल्ल्यास असते, खर्चास नव्हे. दप्तर सूचीबद्ध ठेवून माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील प्रत्येक सरकारी दाव्याची अशी नोंदवही खुली व्हावी. हिशेब नसलेल्या वकिलीची किंमत अखेरीस सामान्य नागरिकच भरतो.