चाकातील नत्रवायू

पेट्रोलपंपावर हल्ली 'साधी हवा की नायट्रोजन?' असा प्रश्न विचारला जातो. शब्दार्थाच्या दृष्टीने तो काहीसा चमत्कारिक आहे. कारण साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नत्रवायू व सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तेव्हा ग्राहक पैसे देतो ते नत्रवायू मिळविण्यासाठी नव्हे, तर प्राणवायू व बाष्प वगळण्यासाठी, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या वगळण्याचे महत्त्व विमानात स्पष्ट दिसते. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेले मेक्सिकाना कंपनीचे बोइंग ७२७ विमान कोसळले व त्यातील १६७ जणांपैकी एकही वाचला नाही. तापलेल्या ब्रेकमुळे चाकाचा टायर फुटला, आणि इंधनाच्या व द्रवदाबाच्या नळ्या तुटल्या. त्या टायरात नत्रवायूऐवजी हवा भरलेली होती. अतितप्त रबरातून ज्वलनशील वायू सुटतात. त्यांना आतच प्राणवायू मिळाला की स्फोट संभवतो. पुढे अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांसाठी प्राणवायूचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा दंडक झाला.

मोटारीची गोष्ट निराळी. रबरातून प्राणवायू नत्रवायूपेक्षा लवकर झिरपतो, हे खरे. परंतु फरक किती? अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३० पौंड दाबाने भरलेले टायर वर्षभर ठेवले असता हवेच्या टायरांचा दाब सरासरी ३·५ पौंडांनी, तर नत्रवायूच्या टायरांचा २·२ पौंडांनी घटला. लाभ आहे, पण बेताचा. उष्णतेने नत्रवायूचा दाब वाढतच नाही, ही समजूत मात्र सर्वस्वी चुकीची आहे. कोरडी हवा व नत्रवायू या बाबतीत सारखेच वागतात. दाब अनियमितपणे बदलतो तो बाष्पामुळे.

'चाकात हवा कमी आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा 'हवा' या शब्दाचा अर्थ वायू नसून दाब हा असतो. (व्यवहारातील भाषा येथे जाहिरातीपेक्षा अधिक अचूक आहे!) नत्रवायू भरून निर्धास्त झालेला चालक महिनोन्महिने ही 'हवा' पाहतच नाही, हा खरा धोका होय; कमी दाबाचा टायर वेगात अधिक वाकतो, तापतो व फुटतो. दाब मोजावा तो टायर थंड असताना, महिन्यातून एकदा तरी. आणि प्रवासात नत्रवायू न मिळाल्यास साधी हवा भरण्यास कोणतीच हरकत नाही.