विश्लेषण : ‘विंडोज १०’ची साथ सुटली, जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स कितपत सोपे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा अपडेट देणे थांबवले. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या अनेक लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ अधिकृतपणे बसत नाही. यंत्र धडधाकट आहे, पण त्याची ऑपरेटिंग सिस्टीम कालबाह्य झाली, अशी ही अवस्था. अशा वेळी ‘लिनक्स टाका, फुकट आहे’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. मात्र घाई केल्यास घरचे फोटो आणि कागदपत्रे एका क्लिकमध्ये पुसली जाऊ शकतात. त्यामुळे सुरुवात कशी करावी आणि कोणी करू नये, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

‘विंडोज १०’ तसेच वापरत राहिले तर?

लॅपटॉप बंद पडणार नाही. मात्र यापुढे या प्रणालीत सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत. नेटबँकिंग करणाऱ्या किंवा कार्यालयीन फाइल हाताळणाऱ्या संगणकासाठी ही जोखीम दिवसागणिक वाढत जाते. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा अपडेट योजना जाहीर केली. ती घेतल्यास विचार करायला अवधी मिळतो, पण प्रश्न सुटत नाही. ‘विंडोज ११’साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. जुने लॅपटॉप अडतात ते बहुधा या शेवटच्या दोन अटींवर.

लिनक्स म्हणजे नेमके काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’ लिहिला. संगणकाचे हार्डवेअर आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यातील दुवा म्हणजे हा कर्नल. तो मुक्त स्रोत आहे. त्याचा कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो आणि पुढे वाटू शकतो. अँड्रॉइड फोनही याच कर्नलवर चालतात. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी २०१७ च्या नोव्हेंबरपासून संपूर्णपणे लिनक्सची आहे. भारतात ‘सी-डॅक’ या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विकसित केली, तर केरळच्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर दिले जाते.

इतक्या प्रकारांतून कोणते निवडावे?

कर्नलभोवती प्रोग्राम, मेनू आणि सेटिंग जोडून तयार केलेल्या संचाला ‘डिस्ट्रो’ म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशी त्यांची यादी मोठी आहे आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. विंडोजची सवय असलेल्यांसाठी ‘लिनक्स मिंट’ हा सरळ पर्याय आहे. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू अशी त्याची मांडणी ओळखीची वाटते. मिंटची २२ क्रमांकाची मालिका ‘उबुंटू २४.०४’वर आधारित असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यासाठी ६४ बिटचा प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. सुखाने काम करायचे तर ४ जीबी रॅम हवी. मिंटच्या आवृत्त्यांपैकी ‘सिनॅमन’ दिसायला देखणी, तर ‘एक्सएफसीई’ हलकी. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर दुसरी घ्यावी.

लॅपटॉपला धक्का न लावता पाहता येते का?

येते, आणि सुरुवात इथूनच करावी. लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट सुरू करता येते. याला ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. हार्डडिस्कवरील विंडोज आणि फाइल जागच्या जागी राहतात. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की विंडोज पूर्ववत दिसते.

त्याआधी एक काम करावे. अनेक लॅपटॉपमध्ये ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असते. सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये बदल झाल्यास विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

पेनड्राइव्ह कसा तयार करावा?

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्यावा. त्यातील सर्व मजकूर पुसला जाणार असल्याने तो आधी रिकामा करावा. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘आयएसओ’ फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारे ३ जीबीची असल्याने मोबाइलच्या रोजच्या डेटा मर्यादेकडे लक्ष ठेवावे.

उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे पडताळण्यासाठी संकेतस्थळावर ६४ अक्षरांचा ‘एसएचए-२५६’ संकेत दिलेला असतो. आपल्या फाइलचा संकेत काढून तो जुळवून पाहावा. ही पायरी बहुतेक जण टाळतात. मात्र २० फेब्रुवारी २०१६ रोजी हल्लेखोरांनी मिंटच्या संकेतस्थळात शिरून एका आवृत्तीऐवजी छुपा दरवाजा असलेली फाइल लोकांच्या माथी मारली होती, हे विसरून चालणार नाही.

नंतर ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप पुन्हा सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ १२, एचपीवर एफ ९, तर असूसवर एस्केप असते.

तासाभरात काय तपासायचे?

वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा आणि माइक चालतात का, हे आधी पाहावे. टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणे, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होणे, याही गोष्टी तपासाव्यात. घरातील प्रिंटर जोडून एक पान छापून बघावे. पेनड्राइव्हवरून चालताना लिनक्स थोडे संथ वाटते. हार्डडिस्कवर टाकल्यावर वेग वाढतो. वायफायच चालत नसेल, तर पुढे जाण्याआधी त्या मॉडेलसाठी ड्रायव्हर आहे का, हे शोधावे.

कोणी लिनक्सकडे वळू नये?

रोजीरोटी एखाद्या ठराविक सॉफ्टवेअरवर असेल तर आधी त्याचा विचार करावा. टॅली, फोटोशॉप, कोरल ड्रॉ आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या लिनक्ससाठीच्या आवृत्त्या नाहीत. ‘वाइन’ या साधनाने विंडोजचे काही प्रोग्राम चालतात, पण धंद्याचे हिशेब त्याच्या भरवशावर सोडू नयेत. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे पुरवठादाराला विचारावे. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन परीक्षेचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, याची खात्री करावी.

याउलट ब्राउझरमध्ये होणारी कामे, म्हणजे ईमेल, नेटबँकिंग, रेल्वेचे तिकीट, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, लिनक्सवरही तशीच होतात. पत्रे, तक्ते आणि सादरीकरणासाठी मिंटसोबत ‘लिबर ऑफिस’ येते. वर्ड आणि एक्सेलच्या फाइल त्यात उघडतात. मात्र किचकट मांडणी किंवा मॅक्रो असलेल्या फाइल विस्कटू शकतात. आपल्या नेहमीच्या चार-पाच फाइल ‘लाइव्ह’ पद्धतीतच उघडून पाहिल्यास अंदाज येतो.

मराठी टायपिंगचे काय?

युनिकोड मराठी वाचण्यात अडचण येत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा ‘इनस्क्रिप्ट’ किंवा ‘फोनेटिक’ आराखडा जोडला की टंकलेखन सुरू होते. प्रश्न येतो तो कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकुराचा. तो फाँट संगणकात नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. त्यामुळे विंडोजमधील असे फाँट सोबत घ्यावेत. मात्र श्री-लिपीसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या डीटीपी व्यावसायिकांनी एक तरी विंडोज संगणक हाताशी ठेवलेला बरा.

टाकताना सर्वांत मोठा धोका कोणता?

मिंटच्या डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चे चिन्ह असते. त्यावर क्लिक केल्यावर लिनक्स कुठे टाकायचे, हे विचारले जाते. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडल्यास विंडोजसह सर्व फाइल पुसल्या जातात. ‘अलाँगसाइड’ या पर्यायाने विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसते आणि संगणक सुरू करताना दोन्हींपैकी एक निवडता येते. पण यात डिस्कची विभागणी बदलत असल्याने मध्येच वीज गेली किंवा काही बिघडले तर फाइल गमावण्याची शक्यता उरतेच. म्हणून कोणताही पर्याय निवडा, आधी सर्व फाइलची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि त्यातील काही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा.

आणखी सुरक्षित मार्गही आहे. जुनी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवायची आणि नवी एसएसडी बसवून त्यावर लिनक्स टाकायचे. खर्च होतो, पण मूळ विंडोज आणि फाइल शाबूत राहतात, शिवाय लॅपटॉपचा वेगही वाढतो.

टाकल्यानंतर काय करावे?

पहिल्याच दिवशी ‘अपडेट मॅनेजर’ चालवून सर्व अपडेट घ्यावेत. ‘टाइमशिफ्ट’ या सोयीने प्रणालीची प्रत घेऊन ठेवावी. पुढे काही बिघडले तर आधीच्या स्थितीत परतता येते. मात्र टाइमशिफ्ट मुख्यतः प्रणालीसाठी आहे. वैयक्तिक फाइलचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. नवे प्रोग्राम ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच घ्यावेत. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नये आणि ती पासवर्ड मागत असेल तर दुप्पट सावध व्हावे. लिनक्सवर विंडोजचे व्हायरस सहसा चालत नाहीत, पण ओटीपी मागणारा फसवा दुवा कोणत्याही प्रणालीवर तितकाच घातक असतो.