विद्युत वाहनांसाठी ॲल्युमिनियम-हवा बॅटरी : व्यवहार्यतेचा विचार

प्रस्तावना :
विद्युत वाहनाचा पल्ला वाढवायचा तर बॅटरीचे वजन वाढते, ही या वाहनांची मूलभूत अडचण होय. लिथियम-आयन घटात प्रतिकिलोग्रॅम साधारणतः २५० वॅट-तास ऊर्जा साठविता येते. याउलट १ किलोग्रॅम ॲल्युमिनियमपासून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ८ किलोवॅट-तास ऊर्जा मिळू शकते. या तफावतीमुळे ॲल्युमिनियम-हवा बॅटरीकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. इस्रायलमधील फिनर्जी व अमेरिकेतील अल्कोआ या कंपन्यांनी २०१४ मध्ये अशी बॅटरी बसविलेली मोटार माँट्रियल येथे दाखविली. भारतात इंडियन ऑइलने २०२१ मध्ये फिनर्जीसमवेत संयुक्त कंपनी स्थापन केली.

कार्यपद्धती :
या घटात ॲल्युमिनियमची पट्टी अल्कधर्मी द्रावणात ठेवलेली असते. दुसऱ्या बाजूचा सच्छिद्र विद्युतअग्र हवेतील ऑक्सिजन घेतो. ॲल्युमिनियम, पाणी व ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून वीज आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होते. ऑक्सिजन वाहनातून न्यावा लागत नसल्याने वजनात बचत होते.

मर्यादा :
१) प्रत्यक्षात घटाचा दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो. त्यामुळे १ किलोग्रॅम धातूपासून साधारण ३.५ किलोवॅट-तास वीज मिळते.
२) १ किलोग्रॅम ॲल्युमिनियमसाठी तेवढेच पाणी खर्च होते व जवळजवळ २.९ किलोग्रॅम हायड्रॉक्साइड उरते. हा भार वाहनालाच वाहावा लागतो.
३) वीज घेतली जात नसतानाही ॲल्युमिनियम झिजते व हायड्रोजन वायू निर्माण होतो.
४) ही बॅटरी विजेने पुन्हा भारित करता येत नाही, पट्ट्या बदलाव्या लागतात.

ऊर्जेचा हिशेब :
हायड्रॉक्साइडपासून पुन्हा धातू मिळविण्यासाठी १८८६ पासून ज्ञात असलेली हॉल-हेरू विद्युत-अपघटन पद्धती वापरावी लागते. तीत प्रतिकिलोग्रॅम सुमारे १४ किलोवॅट-तास वीज खर्च होते. म्हणजे खर्च केलेल्या विजेपैकी जेमतेम एकचतुर्थांश वीज वाहनाला परत मिळते. लिथियम-आयन बॅटरीत हेच प्रमाण सुमारे ९० टक्के असते. भारतातील ॲल्युमिनियम कारखाने प्रामुख्याने कोळशाच्या विजेवर चालतात, हेही येथे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ॲल्युमिनियम-हवा बॅटरी हे वीज साठविण्याचे साधन नसून एक प्रकारचे घन इंधन आहे. दैनंदिन प्रवासासाठी ती लिथियम-आयन बॅटरीची जागा घेऊ शकणार नाही. तथापि क्वचित लागणाऱ्या लांब पल्ल्यासाठी पूरक म्हणून, तसेच आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासाठी तिचा उपयोग संभवतो. तिची व्यवहार्यता पट्टीतील ऊर्जेपेक्षा वापरलेली पट्टी पुन्हा धातुरूपात आणण्याच्या खर्चावर अवलंबून राहील.